वारा लागू नये म्हणून

"पालथा हो," बू वार्सियेम म्हणाल्या, "आणि आता सांग, माझं यंत्र परत का मेलं?"

मी शर्ट काढून चटईवर पालथा झालो. पाठीवर खोबरेल तेल ओतलेलं, आणि त्या तेलातून नाण्याची कड मणक्यापासून बरगडीपर्यंत खसाखसा ओढणारी बाई आपलंच गिऱ्हाईक. अशा अवस्थेत थापा मारता येत नाहीत.

"बॅटरी बदलली होती की, बू," मी चटईत तोंड खुपसून म्हणालो.

"बॅटरी बदललीस. मग म्हणालास, आतला सगळा पसारा पुसून नवा भरतो. भरलास. तरी काल माझा मुलगा बोलता बोलता गुडुप. तू यंत्रं दुरुस्त करतोस की नुसती आंघोळ घालून परत पाठवतोस?"

"आई गं! जरा हळू, बू."

"मी हळूच ओढतेय. हे नाणंच मेलं पातळ. माझं ते जुनं जाड नाणं हरवल्यापासून हाताला गोडीच नाही. तू नाही ना नेलंस?"

तीस वर्षं पाठीवर ओढून झिजलेलं नाणं मी कशाला नेऊ? पण गल्लीत काहीही हरवलं की बू आधी मलाच विचारतात, कारण मी शेजारी राहतो आणि माझ्या दुकानात लहान लहान सुटे भाग फार असतात.

जावा बेटावरच्या क्लातेनमधल्या आमच्या गल्लीत त्यांना सगळेच बू, म्हणजे आई, म्हणतात, आणि अशी एकही पाठ नाही जी त्यांच्या हाताखालून गेलेली नाही. आमच्याकडे माणसाला काही झालं, की डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणो, घरचं निदान एकच: अंगात वारा शिरला. डोकं दुखतंय, वारा. पोट फुगलंय, वारा. बायकोशी भांडण झालं आणि झोप नाही, तोही वाराच. मग बू नाण्यानं पाठीवर माशाच्या काट्यासारख्या लाल रेघा ओढतात. रेघा जितक्या लाल तितका वारा जास्त. मी संगणकाचा डिप्लोमा घेतलेला माणूस. हसावं की नाही मी या सगळ्याला? पण मोटरसायकलवर बसताना मी जॅकेट उलटं, पुढून पाठमोरं घालतो, छातीत वारा शिरू नये म्हणून. तेव्हा मी हसत नाही.

बूंचा लॅपटॉप त्यांच्या मुलानं, हर्यादीनं पाठवलेला. तो जपानात म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात काम करतो. तीन वर्षांसाठी म्हणून गेला, ती वर्षं कधीच उलटली. बूंकडे बटणांचा फोन आहे, तो गिऱ्हाइकांसाठी. मुलगा मात्र दर रविवारी संध्याकाळी लॅपटॉपवर यायचा, माझ्या दुकानातून नेलेल्या वायफायवर. आणि गेले कित्येक रविवार तो अर्ध्या तासात जात होता. पडदा काळा, पंखा गप्प, सगळं थंडगार शांत. म्हणजे थंडगार नव्हतं, पण ते पुढं.

गंमत अशी की माझ्या दुकानात तोच लॅपटॉप दिवसभर चालायचा. मी त्यावर एक अख्खा सिनेमा पाहिला, बायकोनं, लास्त्रीनं, दोन मालिका पाहिल्या. काही नाही. बूंच्या घरी गेला की मेला. मी चार्जर बदलला. मी त्यांच्या घरची वीज तपासली. गल्लीप्रमुख पाक मुल्योनोंनी विहिरीकडच्या कोपऱ्यात उदबत्ती लावायला सांगितली, तीही लावली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा प्रकार चालला होता, आणि प्रत्येक फसलेल्या दुरुस्तीची फी बू माझ्या पाठीवर चुकती करत होत्या. दुरुस्ती जितकी वाईट तितक्या रेघा खोल.

नुसता लॅपटॉप बिघडला असता तर मी इतका घाबरलो नसतो. घाबरण्याचं कारण वेगळंच होतं.

एकदा पाठ पुसता पुसता बू हळूच म्हणाल्या, "गुन, यंत्र बिघडलेलं नाहीच बहुतेक. तोच बंद करतो. मी 'घरी कधी येतोस' हे विचारायला गेले, की बरोबर तेव्हाच. त्याला उत्तर द्यायचं नाही. पण हे तू त्याला बोलू नकोस."

आणि त्याच आठवड्यात हर्यादीचा मला निरोप (आमच्याकडे दादालाही मास म्हणतात, नवऱ्यालाही मासच): "मास गुनार्सो, बू माझ्यावर रागावल्यात का? मी महत्त्वाचं काही सांगायला लागलो की त्या बंद करतात. मी विचारलं असं त्यांना कळू देऊ नका."

आता दुसरा कुणी असता तर दोघांना समोरासमोर करून मोकळा झाला असता. पण आम्ही जावानीज माणसं. मनातली गोष्ट सरळ बोलणं म्हणजे आमच्यात पायातल्या चपलांसकट घरात शिरण्यासारखं. मी बूंना म्हणालो, "कामात असेल." हर्यादीला लिहिलं, "दमल्या असतील." आणि लास्त्रीला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "मास, तुम्हाला दोन्हीकडून सांगितलं, आणि तुम्ही दोन्हीकडे गप्प? धन्य आहे. येत्या रविवारी बूंकडे जाऊन बसा, आणि ते यंत्र मरताना बघा तरी!"

गेलो. बूंनी चहा दिला, आंबवलेल्या सोयाबीनचं तळलेलं तेम्पे दिलं. लॅपटॉप मेजावर नटून बसला होता. खाली जाड गादी, वर विणलेल्या जाळीचा रुमाल, पडद्यावरून मागं सोडलेला. आमच्याकडे टीव्हीवर रुमाल असतो, फ्रिजवर असतो, पाण्याच्या कॅनवरही असतो. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. हर्यादी आला. गाल भरले होते त्याचे.

"जेवलास का?" बूंनी विचारलं.

"जेवलो, बू. तुम्ही?"

"जेवले. काय जेवलास?"

"भात, मासा."

"तिखट होतं का?"

"इथं तिखट कुठलं, बू."

मग तिथली थंडी. मग पायमोजे दोन घालतोस की एक. मग इथला पाऊस, पाक मुल्योनोंची व्यालेली शेळी, तिची करडं, त्यातलं कुठलं दगावलं, गल्लीत कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं. नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथं तर तेलाची घाणीच चालू होती. पण आमची रीतच ती. मुख्य गोष्ट शेवटी, सहज आठवल्यासारखी. आधी बोलणारा माणूस उतावळा, नाहीतर अडाणी.

शेवटी हर्यादी खुर्चीत जरा सरसावला. इकडे बूंनीही पदरासारखी खांद्यावरची ओढणी सारखी केली.

"बू, एक सांगायचं होतं..."

"मलाही एक विचारायचं..."

आणि पडदा काळा.

बूंनी माझ्याकडे पाहिलं. "बघितलंस? तोंड फिरवलं."

मी लॅपटॉपला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. त्यावर तेम्पे तळता आलं असतं. रुमाल काढला, लॅपटॉप उचलला. खालची गादी सावरीच्या कापसाची, तान्ह्या बाळाला घालतात तसली. आणि लॅपटॉपच्या कडेला, गरम हवा बाहेर सोडणाऱ्या फटींवर, कंबरदुखीच्या औषधी पट्ट्या. ओळीनं, एकीला लागून एक, कोपरे नीट गोल कापून.

दर वेळी दुकानात आला की त्याला कापराचा वास का यायचा ते आत्ता कळलं. मला वाटायचं बूंच्या हाताचा असेल, त्या स्वतःच सगळ्या तशा दरवळतात.

"बू, हे काय?"

"पट्ट्या."

"दुकानात आणता तेव्हा नसतात!"

"वैद्याकडे जाताना आंघोळ करून जातो ना आपण? काढते, तेलानं पुसते आणि मग आणते. मला काही रीतभात आहे की नाही?"

"पण लावल्यात कशाला?"

बूंनी मला दगडाला सांगावं तसं सांगितलं. "सुरुवातीला याच्या कुशीतून गरम वाफ यायची. हात लावला तर अंग तापलेलं. तुला विचारलं, तर तू म्हणालास आत पंखा आहे. अरे, पोटात पंखा घेऊन कोण जगेल? चोवीस तास वारा! मग मी फटी बुजवल्या. खाली ऊब दिली. याला नाणं कुठं ओढणार? पाठ कुठली, पोट कुठलं, तेही कळत नाही."

खरं सांगतो, क्षणभर मला पटलं.

"बू," मी म्हणालो, "आपल्याला वारा शिरला तर बाधतो. याचं उलटं आहे. याला वारा मिळाला नाही की हे तापतं, आणि जळून जाऊ नये म्हणून स्वतःच डोळे मिटतं. पट्ट्यांनी याचा श्वास कोंडला होता."

बूंनी पट्ट्यांवरून बोट फिरवलं. सगळं आयुष्य ज्या वाऱ्याला लोकांच्या पाठीतून हुसकून काढण्यात गेलं, तो कुणाला लागतोही, हे एकदम गिळायला जड गेलं असावं.

"म्हणजे मीच मारत होते याला? दर रविवारी?"

"तुम्ही काळजी घेत होता."

"तेच म्हणतेय." त्यांनी एक पट्टी नखानं उचकटायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. "मग हर्यादी बंद करत नव्हता?"

"नाही, बू. त्याला वाटतं तुम्ही बंद करता."

"हे तुला कधीपासून ठाऊक?"

मी तेम्पे तोंडात कोंबलं.

"आता हे चालू राहील?" त्यांनी विचारलं.

"राहील."

"शेवटपर्यंत?"

"हो."

त्यांचा हात पट्टीवर तसाच होता. इतके दिवस त्यांना एकच गोष्ट हवी होती, मुलगा घरी कधी येतो ते ऐकायची. आता ती ऐकू येणार म्हटल्यावर बू वार्सियेम, ज्यांना रांगडे ट्रकवालेही घाबरतात, भ्यायल्या होत्या. दुरुस्ती झाली याचा आनंद करायचा विसरूनच गेलो.

लॅपटॉप निवल्यावर आम्ही पट्ट्या काढल्या आणि गादीऐवजी त्याच्याखाली लाकडी पाट ठेवला. हर्यादी पुन्हा आला. आणि बूंनी विचारलं, "जेवलास का?"

"जेवलो, बू," तो बिचारा म्हणाला. "तुम्ही?"

भात, मासा, पायमोजे, शेळी. सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी कपाळावर हात मारणार होतो, पण मग लक्षात आलं की बू मुद्दामच शेळीजवळ रेंगाळताहेत. त्या अधूनमधून लॅपटॉपच्या कुशीला हात लावून बघत होत्या. लॅपटॉप मजेत होता.

शेवटी हर्यादीच म्हणाला, "बू, मी इथली परीक्षा पास झालो. मोठी. आता मला कायमचं राहता येईल. मी... राहायचं ठरवलंय."

पडदा काळा झाला नाही. माझी पहिलीच यशस्वी दुरुस्ती, आणि मला वाटलं आत्ता मरावं त्या लॅपटॉपनं.

"परीक्षा पास झालास?" बू म्हणाल्या. "मग हे आधी नाही का सांगायचं, मेल्या! शेळीचं काय ऐकत बसलास?" हसल्याही. मग ओढणी सारखी करत, "तिथल्या म्हाताऱ्या माणसांची पाठ दुखली तर कोण बघतं?"

"मीच, बू. नाण्यानं ओढायची परवानगी नाही. एका आजींना विचारून बघितलं, तर साहेबांनी अर्धा तास झापलं. नुसती चोळतो. पण नाणं खिशात ठेवतो."

"कुठलं नाणं?"

त्यानं ते कॅमेऱ्यासमोर धरलं. जाड, गुळगुळीत, एका बाजूचं चित्र पार झिजलेलं.

"निघताना न विचारता घेतलं होतं," तो म्हणाला. "माफ करा, बू."

बूंनी माझ्याकडे वळून, जणू माझीच चोरी पकडली गेल्यासारखं पाहिलं. मग पडद्याकडे वळून म्हणाल्या, "असू दे. तेल लावून ठेव, गंजेल."

मग निरोप. निरोपही आमच्यात एका दमात होत नाही, पण तोही संपला. हर्यादी "ठेवतो, बू" म्हणाला. त्याचं बोट पुढं आलं, मोठं झालं, आणि तो गेला. लॅपटॉप चालूच होता. बू उजळ पडद्यासमोर तशाच बसून राहिल्या. मी चहाचे पेले उचलून आत ठेवले.

मध्ये काही रविवार गेले. बूंची काही तक्रार आली नाही, मला वाटलं सगळं सुरळीत. एकदा वायफायचा डबा बघायला म्हणून गेलो, तर मेजावर लॅपटॉप पुन्हा सावरीच्या गादीवर. कुशीला पट्ट्या. ताज्या, कोपरे गोल कापलेल्या.

"अहो बू, परत? सांगितलं होतं ना, श्वास कोंडतो त्याचा."

"मला कळलंय ते. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मग?"

त्या जाळीचा रुमाल झटकत होत्या. "त्याला सांगितलंय, मुख्य काय असेल ते आधी बोलून घे. शेळी नंतर. आता रीत मोडून तसंच बोलतो बिचारा, आल्या आल्या."

"पण बंद पडेल ना मध्येच."

"पडू दे." रुमाल त्यांनी पडद्यावर नीट बेतानं सोडला. "तो 'ठेवतो' म्हणतो आणि त्याचं बोट पुढं येतं ना, गुन, ते मला बघवत नाही. हे आपलं आपण मिटलं की बरं. मग त्यानं ठेवलं नाही, मीही ठेवलं नाही."

मी त्या खोलीत तंत्रज्ञ म्हणून उभा होतो, आणि सांगण्यासारखं बरंच काही होतं. यंत्र टिकणार नाही, एक दिवस कायमचं जाईल, वगैरे. शेवटच्या पट्टीची एक कड सुटून वर आली होती. मी ती अंगठ्यानं दाबून नीट चिकटवली.