दुसऱ्या चातकाची बाजू

नागपूरहून पनवेलला बदली होऊन आलेल्या देवेशला पहिले आठ महिने ऑफिसबाहेर ओळखीचं असं कोणी नव्हतं. मग एकदा चष्म्याचा नंबर तपासायला तो सुशांतच्या दुकानात गेला, आणि तक्त्यावरची अक्षरं वाचता वाचता ‘चातक’ या हेरपटांच्या मालिकेवरून दोघांची अशी जुंपली की मागचं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. रविवारी अरुंधतीबाईंकडे या, सुशांत म्हणाला, तिथे आपल्यासारखीच बिघडलेली माणसं जमतात.

तेव्हापासून देवेशचा रविवार बदलला. अरुंधतीबाई कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. नवीन पनवेलच्या त्यांच्या दिवाणखान्यात सकाळी दहाला पोह्यांचा वास सुटायचा आणि चाळीस वर्षं, नऊ चित्रपट चाललेल्या आणि आळीपाळीने तीन नटांनी साकारलेल्या त्या गुप्तहेरावरून भांडण सुरू व्हायचं. बाईंना पहिला चातक प्रिय, कारण तो नकाशा नीट धरतो. सुशांत तिसऱ्याच्या बाजूचा. देवेश दोघांशीही भांडे. घरी परतल्यावर त्याचा चेहरा पाहून त्याची बायको ऋचा म्हणायची की तुला अखेर इथलं पाणी मानवलं.

दुसऱ्या चातकाची बाजू घेणारे एकटे हरेशकाका. ओवे गावचे, साठी उलटलेले, पांढरा सदरा, हातात बहुधा करंजा बंदरातून आणलेल्या सुक्या जवळ्याची पुडी. चौथ्या चित्रपटातली होड्यांची पळापळ ओहोटीत कशी अशक्य आहे हे त्यांनी पोह्याच्या बशीत शेंगदाणे मांडून दाखवलं, तेव्हा बाईंनी हार मानून त्यांना दुसऱ्यांदा चहा दिला होता.

“खरा हेर गाड्या उडवत नाय,” काका एकदा म्हणाले. “दुसऱ्याचं बघा. दुश्मनाच्या पोरीच्या लग्नात जातो, पोटभर जेवतो, निघून येतो. मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा हाय, मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचा. याला म्हनतात काम.”

सगळे खूप हसले होते.

मग एका रविवारी काका आले नाहीत. त्यांना फोन करावा म्हणून बाईंनी सुशांतकडे नंबर मागितला. सुशांत म्हणाला, माझ्याकडे कसा असेल, ते तुमच्या ओळखीचे ना? बाईंना वाटत होतं की काका देवेशबरोबर येऊ लागले. देवेशला वाटत होतं की ते सुशांतच्या दुकानातलं गिऱ्हाईक असावेत. चार महिने एकत्र पोहे खाल्ले आणि माणूस कोणाचा हेच ठाऊक नाही, यावर बाईंना हसता हसता ठसका लागला. देवेशही हसला; पण घरी जाताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं, आणि असं आपण का केलं हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

पुढच्या रविवारी काका नेहमीसारखे हजर होते. निघताना जिन्यात देवेशने त्यांना गाठलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “काका, तुम्हाला इथे पहिल्यांदा कोणी आणलं?”

काकांनी त्याच्याकडे मोठ्या मायेने पाहिलं. “तुमीच की. पळस्प्याच्या नाक्यावर मी रिक्षाला हात करत व्हतो. तुमी रिक्षा थांबवलीत, म्हनलात, चला काका.”

असं काही झालेलं नव्हतं. देवेशचं ऑफिस बेलापूरला. पळस्प्याला जायचं त्याला कामच काय? तसं तो म्हणणार होता, पण काकांना वाईट वाटेल म्हणून त्याने नुसती मान डोलावली. संध्याकाळी गॅलरीतले वाळलेले कपडे काढताना मात्र त्याला एकदम त्या नाक्यावरची धूळ आठवली, गोव्याकडे वळणारे ट्रक आठवले, रिक्षात शिरण्यासाठी वाकलेला पांढरा सदरा आठवला. त्याने ऋचाला सांगितलं. ती म्हणाली, पण तू पळस्प्याला कधी गेला होतास? गेलो असणार, देवेश म्हणाला, आणि त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने लगेच सुशांतला फोन लावला.

त्याने तोंड उघडायच्या आधीच सुशांत उत्साहाने सांगू लागला की त्याला सगळं आठवलं, काकांना त्यानेच आणलं, पळस्प्याहून, स्कूटरवर मागे बसवून.

मग पुढच्या रविवारी चातक राहिला बाजूला. बाईंचं म्हणणं, त्यांच्या भाचीच्या गाडीतून, पळस्प्याहून. सुशांत स्कूटर सोडेना. देवेश तर इतका इरेला पेटला की रिक्षाच्या सीटचं फाटलेलं रेक्झिन, चालकाच्या कानातली बाळी, सगळं सांगू लागला, आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की गेल्या कित्येक वर्षांत आपण इतके आनंदात नव्हतो. हरेशकाका मधल्या खुर्चीत बसून आळीपाळीने प्रत्येकाकडे पाहत मान डोलावत होते.

तेवढ्यात बेल वाजली. दाराजवळ देवेशच होता. त्याने उठून दार उघडलं.

बाहेर पंचविशीची एक मुलगी उभी होती. तिला त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघून ओळखीचं हसली आणि खाली वाकून सँडलचे पट्टे सोडू लागली.

“कोण आहे रे?” आतून बाईंनी विचारलं.

देवेश तिच्या वाकलेल्या मानेकडे पाहत राहिला. मग हळूहळू तिचं नाव त्याच्या जिभेवर आलं.

“संजना,” तो बाजूला होत म्हणाला. “माझ्याबरोबर आलीय.”