आत्तेसासू अत्यवस्थ

रजेच्या अर्जावर ‘कारण’ हा रकाना ज्या कुणी छापला, त्या साहेबांवर माझा सरळ आरोप आहे : तुम्ही भल्याभल्यांना खोटारडं केलंत!

पाणीपुरवठा कचेरीत टपाल नोंदवणाऱ्या ताईंचंच बघा. वय सेहेचाळीस. आठ महिने पहाटे स्वयंपाक उरकून पोहायला शिकल्या. गुरुवारी तळं पोहून पार करायची स्पर्धा होती, वर्षातून एकदाच होणारी. एका दिवसाची रजा हवी होती. ताईंनी रकान्यात लिहिलं, ‘आत्तेसासू अत्यवस्थ.’

शेजारच्या टेबलावरून भांडारवाले काका डोकावले. “अगं, ह्या आत्तेसासूला गेल्याच वर्षी मारलंस ना? मी तुझं सांत्वनसुद्धा केलं होतं!”

ताई ओशाळल्या. “मग काय लिहू काका? पोहायचंय म्हणून? लोक म्हणतील, या वयात बाईला पाण्यात पडायचे डोहाळे लागलेत!”

“म्हणू देत! मला चित्रं काढायची होती. निवृत्तीनंतर बघू, म्हणत छत्तीस वर्षं ढकलली. परवा कागद घेऊन बसलो, तर हात लटपटतो. आजारी पडायला रजा, कुणी मेलं तर रजा. मग जगायला का नाही गं?”

ताईंनी अर्ज टराटरा फाडला! नव्या अर्जावर लिहिलं : ‘तळं पोहून पार करायचं आहे.’

साहेबांनी लगेच बोलावून घेतलं. “ही काय थट्टा आहे? हे काय कारण झालं?”

“साहेब, आत्तेसासू मेली असती तर सही केली असतीत ना?”

“अर्थात!”

“मला आत्तेसासू कधी नव्हतीच. तळं मात्र खरं आहे.”

शेरा पडला : ‘कारण योग्य नाही. रजा बिनपगारी.’

घरी नवऱ्याच्या कपाळाला आठ्या. “आणि सकाळचे डबे?”

“तुम्हाला दोन हात आहेत. मला अख्खं तळं तेवढ्यावरच पार करायचंय!”

गुरुवारी ऐन मध्यावर ताईंच्या पायात गोळा आला. त्या उताण्या झाल्या, तरंगल्या, दम खाल्ला, पुन्हा हात मारू लागल्या. आणि काठ लागला! नंबर शेवटून दुसरा, पण आरोळी अशी ठोकली की तळ्यातली बदकं उडाली!

शुक्रवारी काकांनी अर्ज टाकला : ‘चित्रकलेचा वर्ग.’ पाठोपाठ आणखी चौघांनी खरी कारणं लिहिली.

वाचकहो, ‘कामं उरकली की बघू’ म्हणणाऱ्याची कामं कधीच उरकत नाहीत, माणूस उरकतो! आपला वेळ मागा, आणि खरं बोलून मागा.

ते पाच अर्ज अजून सहीविना पडून आहेत. साहेब, माणसाने स्वतःसाठी एक दिवस मागणं योग्य का नाही? तोंडी नको. लेखी उत्तर द्या!