मोनाचं म्हणणं

गुंडू गवळ्याचं सरकारशी काही वाकडं नव्हतं. घरात बसा म्हटलं तेव्हा तो घरात बसला. थाळ्या वाजवा म्हटलं तेव्हा घरात थाळी सापडेना, म्हणून त्यानं दुधाची चरवी वाजवली. तिला पोचा पडला, तरी त्यानं कुठं तक्रार केली नाही. फक्त मास्क लावून तो म्हशीखाली बसणार नव्हता.

"मी सरकारच्या इरुद्ध न्हाय," तो म्हणायचा. "मोना इरुद्ध हाय."

मोना ही त्याची म्हैस. अंगानं काळी, शिंगं मागं वळलेली, आणि स्वभाव निवृत्त मुख्याध्यापिकेचा. रोज सकाळी ती कळंब्याच्या गोठ्यातून छोट्या टेम्पोत उभी राहून शहरातल्या दूध कट्ट्यावर येई. कट्ट्यावर म्हैस उभी, गिऱ्हाईक समोर उभं, आणि गवळी त्याच्या देखत पेल्यात धार काढून फेसासकट हातात देणार, अशी इथली रीत. दुधात पाणी किती, ही चर्चाच उद्भवत नाही. तालमीतून घामेजून आलेले पैलवान आणि साखरेची गोळी घेऊन फिरायला निघालेले पेन्शनर, दोघंही तिथं एका रांगेत असतात.

गुंडूची जागा कट्ट्याच्या टोकाला, लिंबाखाली. आज्ज्यानं मिळवलेली, बापानं टिकवलेली, आणि परवाना आता गुंडूच्या नावावर. शेत त्याला नव्हतं. ही जागा गेली तर दूध डेअरीला घालायचं. डेअरीत म्हशीचं नाव कोणी विचारत नाही, फॅट विचारतात.

लॉकडाऊन उठून कट्टा पुन्हा भरला, त्या पहिल्या सकाळी महापालिकेच्या माणसानं दिलेला निळा मास्क गुंडूनं निमूट लावला होता. मोनानं मान वळवून त्याच्याकडं एकदा पाहिलं, पेल्याला लाथ घातली आणि पान्हा चोरला. सडातून थेंब येईना. समोर विजयसिंह, जुने पैलवान, रिकामा हात पुढं करून उभे. गुंडूनं मास्क काढून खिशात घातला, मोनाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि थोड्या वेळानं दूध आलं. म्हैस आपल्याला तोंडावरून ओळखते, हे त्या दिवशी गुंडूच्या मनात पक्कं झालं. त्याला ते आवडलंही होतं, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

पुढं आरोग्य निरीक्षक उदयसिंह यांनी त्याच्यावर दोन पावत्या फाडल्या. त्यानं एकीवरही सही केली नाही. तिसरी आली ती नोटीस घेऊनच. वारंवार उल्लंघन केल्याबद्दल परवाना रद्द का करू नये, याबाबत सात दिवसांत म्हणणं सादर करा.

गुंडू नोटीस घेऊन आफशीनकडं गेला. आफशीन म्हणजे मिक्सर-स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या ख्वाजाभाईंची मुलगी. लहानपणी आई खतिजाचं बोट धरून ती कट्ट्यावर यायची आणि मोनाच्या आईचं दूध प्यायची. आता वकील झाली होती. खतिजा पहिल्या लाटेत गेली. तेव्हापासून आफशीन एकावर एक असे दोन मास्क लावायची आणि कट्ट्यावर फिरकली नव्हती.

तिनं नोटीस लांबूनच वाचली. गुंडूमामाचं वागणं तिला पटलेलं नाही, हे तिनं आधी सांगून टाकलं. मग म्हणाली की केस घेते, पण माझ्यासमोर बोलताना तोंडाला टॉवेल धरायचा.

गुंडूनं मुकाट टॉवेल धरला. महापालिकेला जे वर्षभरात जमलं नव्हतं ते तिनं एका वाक्यात केलं, पण नोटीस महापालिकेची असल्यामुळं त्याची नोंद कुठं झाली नाही.

आफशीननं म्हणणं लिहिलं. मास्कचा नियम मान्य आहे, परंतु सदर काम मास्क लावून होतच नाही, सबब या कामापुरती सूट मिळावी, आणि खात्री करायची असल्यास प्रत्यक्ष जागेवर येऊन पाहणी करावी. लिहिता लिहिता तिनं विचारलं, मामा, मोनाची धार आणखी कोण काढतं?

"कोन न्हाय," गुंडू म्हणाला. हे त्यानं अगदी मनापासून सांगितलं.

सहायक आयुक्त प्रियदर्शनी मॅडमनी अर्ज वाचला, परत एकदा वाचला आणि पाहणी मंजूर केली. अटी सरळ होत्या. आधी पंधरा मिनिटं मास्क लावून धार काढायची, मग पंधरा मिनिटं मास्क काढून. मास्कसह दूध आलं तर परवाना तिथल्या तिथं रद्द. मास्क काढल्यावरच आलं तर सूट. पंच म्हणून समोरचा चहावाला ज्ञानू आणि पैलवान विजयसिंह.

गुंडूला त्या दिवशी रेडकू धरायला माणूस मिळेना. सरकारी पंचनाम्यात कोण उभं राहणार? म्हणून बायकोला, तानाबाईला, त्यानं टेम्पोत घेतलं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, पण तानाबाई कट्ट्यावर पहिल्यांदाच येत होती.

पाहणी सहाची होती. मॅडम येणार म्हणून पहाटेच टँकर येऊन सगळ्या कट्ट्यावर औषध मारून गेला. मॅडम आल्या नऊला. तोवर मोना तीन तास तुंबलेली कास घेऊन, डोळ्यांत झोंबणाऱ्या वासात उभी होती. बाकीच्या गवळ्यांनी आपल्या म्हशी लांब नेल्या होत्या, पण स्वतः मात्र जवळ येऊन उभे राहिले होते.

उदयसिंहांनी मोबाईलमध्ये वेळ लावली. गुंडूनं मास्क चढवला, कास धुतली, पान्हा सुटावा म्हणून तानाबाईनं रेडकू दोन क्षण सडाला लावून मागं ओढलं, आणि गुंडू खाली बसला.

मोनानं पान्हा चोरला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. चरवीचा तळ कोरडा. उदयसिंह वाकून वाकून सडाकडं बघत होते, जणू तिथं कुणी नळ बंद केला असावा. गुंडूच्या पाठीतून घाम निघत होता, पण आत कुठंतरी तो खूश होता. गर्दीतून कोणीतरी म्हणालं की म्हशीनं वकीलपत्र घेतलंय. पंधरा मिनिटं संपली. उदयसिंहांनी लिहून घेतलं, पंचांनी सह्या केल्या.

"आता काढा मास्क," मॅडम म्हणाल्या.

गुंडूनं मास्क काढला. मोनाच्या तोंडापुढं जाऊन उभा राहिला, नीट दिसेल असा. पाठीवरून हात फिरवला. परत येऊन खाली बसला आणि अंगठा वळवून सड ओढला.

काहीच नाही.

दुसरा ओढला. तिसरा. मोना, माझी बाय, असं तो पुटपुटला, तर त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. पाच मिनिटं गेली. ज्ञानूच्या टपरीवर दूध उतू गेलं, तरी तो तिकडं गेला नाही. गुंडूनं मान वर केली. वकील म्हणून येऊन लांब उभ्या असलेल्या आफशीनचे दोन मास्कांवरचे डोळे त्याच्यावर खिळले होते. तिच्यापलीकडं रेडकू धरून तानाबाई उभी होती. नाक आणि तोंड पदरानं घट्ट बांधलेलं.

गुंडूचा हात सडावरच थांबला.

तानाबाईला पेंडीच्या भुकटीनं शिंका यायच्या. म्हणून गोठ्यात शिरताना ती नाकातोंडावरून पदर घेऊन मागं गाठ मारायची. रोज संध्याकाळी, गुंडू पारावर बसलेला असताना, मोनाची धार तीच काढायची. रोज. अशीच, तोंड बांधून. आणि वकिलानं विचारलं तेव्हा त्याला हे आठवलंसुद्धा नव्हतं, कारण कट्ट्यावर काढतात ती धार, आणि घरात बायको करते ते घरकाम, एवढं त्याच्या डोक्यात सरळ होतं.

वेळ संपली. दोन्ही वेळा दूध नाही, असं उदयसिंहांनी लिहिलं आणि पुढं काय लिहायचं म्हणून पेन चावत मॅडमकडं पाहिलं.

आफशीन चटकन पुढं झाली. औषधाच्या वासानं जनावर बिथरलंय, ही पाहणी धरता येणार नाही, दुसरी तारीख द्यावी, असं तिनं मॅडमना सांगितलं. मॅडमनी मान हलवली. त्यांनाही साडेदहाची मीटिंग होती. गुंडूच्या छातीवरचा दगड अर्धा सरकला. तारीख म्हणजे जागा शाबूत.

तेवढ्यात मोना हंबरली. नेहमीचं हंबरणं नव्हतं ते. तिनं मागचा पाय उचलला, टेकवला, परत उचलला. कास दगडासारखी झाली होती.

तानाबाई रेडकू घेऊन जवळ आली.

"उठा," ती म्हणाली.

गुंडू हलला नाही. हळू आवाजात म्हणाला, की तारीख मिळालीय, घरला नेऊन काढू.

"तारीख तुमी घ्या. म्हस कळंब्यापातूर अशी जायाची न्हाय. दगडी होईल तिला, कास सुजून बसंल."

"तुला कळंना झालंय व्हय, हितं काय चाललंय?"

"मला कास कळती," तानाबाई म्हणाली. "उठा."

गुंडूनं तिच्या पदराच्या गाठीकडं पाहिलं. गाठ सोड, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पण सोडली असती तर त्या औषधाच्या वासानं ती शिंकली असती, शिंकली असती तर मोना बुजली असती. मोनाचा पाय परत उचलला गेला आणि या वेळी टेकला नाही. गुंडूनं लिंबाकडं पाहिलं, आज्ज्यानं धार काढायला बसवलेल्या दगडाकडं पाहिलं, गुडघ्यावर हात टेकला आणि उठला.

तानाबाई त्या दगडावर बसली. कट्ट्यावरच्या कुठल्याच दगडावर आजवर बाई बसली नव्हती, त्यामुळं मागच्या गवळ्यांत कुजबूज झाली. तिनं रेडकू परत लावलं, कपाळ मोनाच्या कुशीला टेकवलं आणि पदराआड काहीतरी गुणगुणत कास चोळत राहिली. कुणाला दिसलं नाही, पण मोनाची शेपटी सैल पडली ती गुंडूनं पाहिली. आणि मग पोचा पडलेल्या चरवीत पहिली धार वाजली.

उदयसिंह एवढ्या घाईनं लिहायला लागले की पेन कागदातून आरपार गेलं. तोंड पूर्ण झाकलेल्या स्त्रीकडून, वेळ नऊ त्रेचाळीस, दूध निघाले.

मॅडम दोन पावलं पुढं आल्या. बाई, तुम्ही तोंड बांधून कधीपासून धार काढता, असं त्यांनी विचारलं.

"ही दावणीला आली तवापास्नं," तानाबाई न थांबता म्हणाली. "रोज सांजचं."

मॅडम गुंडूकडं वळल्या. तुमच्या म्हणण्यात लिहिलंय की दुसरं कोणी धार काढत नाही.

"न्हाईच की," गुंडू म्हणाला. मग त्याला कळलं, पण तोवर तोंडातून निघून गेलं होतं. "ही घरातलीच हाय, बाई."

गर्दीत कोणी हसलं नाही. मॅडमच्या घरी संध्याकाळी काय चालतं ते कुणाला ठाऊक, पण त्यांनी पेन मागितलं तेव्हा उदयसिंहांनी ते दोन्ही हातांनी दिलं.

परवाना रद्द, असं लिहायला त्यांनी सुरुवात केली. गुंडूला अक्षरं दिसत नव्हती, पण पेन किती वेळ चाललं ते दिसत होतं. तो टॉवेलानं तोंड पुसत होता आणि टॉवेल खाली येत नव्हता.

"मॅडम, एक तोंडी अर्ज आहे," आफशीन म्हणाली. "या जागेचा परवाना तानाबाईंच्या नावावर करावा. नियमात बसून धार काढता येते, हे आपल्या समोर सिद्ध झालंय."

गुंडू वकिलाकडं बघतच राहिला. आपल्याच वकिलानं आपल्याविरुद्ध अर्ज केल्याचं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. मॅडमनी त्याला विचारलं, तुमची काही हरकत?

सगळा कट्टा त्याच्याकडं बघत होता. विजयसिंह पैलवानांनी मान खाली घातली, कुस्ती निकाली झाल्यावर घालतात तशी. हरकत म्हटलं तर जागा गेली. नाही म्हटलं तर जागा राहिली, आणि तो गेला.

"तिला इचारा," तो शेवटी म्हणाला.

तानाबाईनं चरवी बाजूला ठेवली. म्हणाली, पहाटेचा स्वयंपाक मग कोणी करायचा ते आधी ठरू दे. आणि रेडकू धरायला हे उभे राहणार असतील, तर ह्यांनीपण तोंड बांधायचं. एकानं बांधून दुसऱ्यानं उघडं ठेवायचं, असं तिच्या गोठ्यात चालत नाही.

मॅडमनी दुसरी अट आदेशात घेतली. पहिली त्यांच्या अधिकारकक्षेत येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला टेम्पो कट्ट्यावर लागला. भाकरी गुंडूनं केल्या होत्या. त्या कशा झाल्या यावर तानाबाई काही बोलली नव्हती, आणि हे चांगलं लक्षण आहे की वाईट, याचा विचार करत तो निळा मास्क लावून रेडकाचं दावं धरून उभा होता. टँकर आला नव्हता. लिंबाखाली फक्त शेणाचा आणि म्हशींचा वास होता. मोनानं मान वळवली, त्याचा खांदा हुंगला, आणि खरखरीत जीभ त्याच्या कानावरून फिरवली. मास्कची दोरी सुटून मास्क गळ्यात आला. तिनं त्याला ओळखलं होतं. मास्क असताना.

पलीकडं उदयसिंह पावतीपुस्तक घेऊन उभे होते. त्यांनी खिशात हात घातला.

"वर घ्या," तानाबाई खालून म्हणाली.

गुंडूनं मास्क वर घेतला.

पहिला पेला भरला तेव्हा ख्वाजाभाईंबरोबर आफशीन आलेली त्याला दिसली. तिनं पेला घेतला, रांगेपासून पंधरावीस पावलं लांब, टेम्पोच्या मागं गेली, आणि लोकांकडं पाठ केली. तिनं आधी एक मास्क खाली घेतला. मग बऱ्याच वेळानं दुसरा.