बाया काय म्हणतात

"शेवटी दार उघडाले काय झालं होतं तिले?" सायकल स्टँडवर एक जण सोबत्याला विचारत होता. "अख्खा पिक्चर आपन वाट पाहून राहिलो का आता उघडन, मंग उघडन. अन् एकदम खतम."

"एक फाइट नाही गा त्यात," सोबती कुलूप काढता काढता म्हणाला. "गाने बी दोनच. त्यातलं एक बुढ्याले देलं."

तीन सायकली सोडून मधुकरराव बोकारे आपल्या सायकलच्या साखळीशी वाकून बसले होते. साखळी उतरलेली नव्हती. गेल्या एकोणीस वर्षांत ती फार तर चारदा उतरली असेल. पण दर शुक्रवारी बाराचा पहिला खेळ सुटला की ते असे वाकून बसत, कारण सायकल काढणारा माणूस मनातलं खरं बोलतो आणि वाकलेल्या माणसाकडे कोणी पाहत नाही, हे त्यांना फार पूर्वी कळलं होतं. सरळ जाऊन कोणाला "कसा वाटला सिनेमा?" असं विचारणं त्यांना एकदाही जमलं नव्हतं.

नागपूरच्या सदर भागात मधुकररावांच्या मालकांची, आनंदरावांची, सिनेमे वाटपाची कचेरी होती. मुंबईहून आलेली रिळांची पेटी आधी नागपूरच्या टॉकीजला लागायची, मग वर्धा, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ, अशी गावोगाव फिरायची. कोणत्या सिनेमाला किती आठवडे द्यायचे, कोणत्या गावाला पाठवायचा आणि कोणता गुपचूप गुंडाळायचा, हे शुक्रवारी संध्याकाळी ठरे. आनंदराव सहा वाजता मुंबईला ट्रंक कॉल लावत. त्याआधी मधुकररावांचा कागद त्यांच्या टेबलावर लागे. त्याला कचेरीत 'पब्लिक रिपोर्ट' म्हणत. त्यात तीन रकाने असत: खालचा क्लास, बाल्कनी आणि लेडीज.

पहिले दोन रकाने मधुकरराव साखळीशी बसून भरत. तिसऱ्यासाठी त्यांना टॉकीजच्या बाजूच्या बोळात जावं लागे. तिथे लेडीजचं वेगळं दार होतं आणि त्या दारावर कांताबाई गजभिये होत्या.

कांताबाई नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतल्या. छप्पन साली पांढरं लुगडं नेसून नवऱ्याबरोबर दीक्षा घ्यायला मैदानावर गेलेल्या. पुढे तीन वर्षांनी नवरा गेला, आणि टॉकीजवाल्यांनी त्यांना लेडीजच्या दारावर घेतलं. हातात टॉर्च, खांद्याला तिकिटांचे अर्धे तुकडे ठेवायची पिशवी. दसऱ्याचा दिवस सोडला तर त्यांनी कधी रजा घेतल्याचं मधुकररावांना आठवत नव्हतं. ते तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. बायकांच्या दारासमोर पुरुषानं उभं तरी कसं राहावं! खाली मान घालून, पेन्सिल वहीवर टेकवून त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "बाया काय म्हणतात?" कांताबाईंनी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि सांगितलं. त्यानंतर एकोणीस वर्षं तोच प्रश्न, तीच पेन्सिल.

आणि त्या रकान्यानंच मधुकररावांची नोकरी टिकली होती. एकदा मोठमोठ्या नटांचा एक सिनेमा आला. सायकल स्टँडवर नुसता जयजयकार. कांताबाई म्हणाल्या, "बाया म्हनते का, मायचं रडनं खोटं हाय." मधुकररावांनी भीत भीत तसंच लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात टॉकीज ओस पडलं. उलट एका सावत्र आईच्या सिनेमाला पुरुषांनी नाकं मुरडली होती. कांताबाई म्हणाल्या, "बाया म्हनते, दुसऱ्यांदा येऊ, सासूले घेऊन येऊ," आणि तो चौदा आठवडे चालला. आता आनंदराव थकले होते, कारभार भाच्याकडे, वसंतकडे, चालला होता. वसंतने दोन कारकुनांना घरी बसवलं, तेव्हा आनंदरावांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की बाकी कोणालाही काढ, पण मधुकररावांना हात लावू नको. त्यांना बायांची नाडी कळते. मधुकररावांनी तेव्हा मान खाली घातली. ती विनयानं घातली असं सगळ्यांना वाटलं.

घरी पत्नीनं, शामलाबाईंनी, कधी विचारलं की सिनेमा कसा आहे, तर ते म्हणत, "लोक बरा म्हणतात." मग वाचनालयाचं पुस्तक उघडून बसत. आपल्याला स्वतःला काही वाटतं का, आणि वाटलं तरी ते सांगण्याजोगं असतं का, याची त्यांना खात्री नव्हती.

सायकल स्टँड रिकामा झाला. वहीत 'संथ', 'फायटिंग नाही', 'शेवट पटत नाही' अशा नोंदी झाल्या होत्या. मधुकरराव उठले, गुडघे झटकले आणि बोळात शिरले.

कांताबाई पायरीवर बसल्या होत्या. एरवी त्या उभ्या असत. जवळ जाताच त्यांनी आपणहून सांगितलं की सोमवारपासून आतली लाकडी फळी काढणार, बाया-माणसं एकाच जागी बसणार, नवीन खुर्च्या येणार आणि हे दार बंद होणार. टॉकीजच्या मालकांनी आजच बोलावून सांगितलं. इतक्या वर्षांचं म्हणून एक नवं लुगडंही दिलं.

"मग तुम्ही?" मधुकररावांनी विचारलं.

"पोरगा मिलमधी हाय जी. भाकर तर भेटन." त्यांनी टॉर्च पदरानं पुसला. "पन घरी बसाची सवय नाही मले. सुनेच्या हाताखाली बसा लागन आता. ते म्हनन, आत्या, तुमी काहून उठता, बसा ना. अन् मी बसून राहीन भिताडाकडे पाहत."

मधुकररावांना पुष्कळ बोलायचं होतं. तुमच्यामुळे माझं घर चाललं, मुलीचं लग्न झालं, म्हातारपणी मालकाच्या तोंडून चार चांगले शब्द ऐकायला मिळाले. वाक्यं तयार होती. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाकडे वाक्यांचा तोटा नसतो. पण तोंडातून निघालं ते एवढंच:

"मग बायांचं मला कोण सांगणार?"

कांताबाई हसल्या. मग हसणं थांबवून त्यांनी बोळाच्या तोंडाकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

"बाबूजी, एक गोष्ट सांगून ठेवते. नाही तर तुमी उद्या दुसऱ्या कोनाले इचाराल, अन् थो मानूस खरं सांगन. मंग तुमची फजिती होईन. बाया काहीच म्हनत नाही."

"म्हणजे?"

"म्हनजे काहीच नाही. पिक्चर सुटला का चपला पाहते, पोट्टे मोजते. कोनी म्हनते दूध फाटलं असन, कोनी म्हनते बस गेली असन. डोये पुसून राहते अन् सासूले काय सांगाव थे ठरवून राहते. पिक्चरचं कोन बोलते जी?"

मधुकररावांची पेन्सिल वहीवर तशीच टेकलेली होती.

"पयल्या दिवशी तुमी आले," कांताबाई म्हणाल्या, "खाली मुंडी घालून. बाया काय म्हनते? मी म्हननार होती का काहीच नाही म्हनत. पन तुमी पेन्सिल काढून उभे. मले वाटलं, ह्याले काही तरी द्या लागते. मंग मले जे वाटलं थे सांगतलं. अन् तुमी थे लिहून घेतलं, एक एक शबुद. दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा आले." त्यांचा आवाज थोडा खाली गेला. "माह्या जिंदगीत कोनी माह्यं बोलनं लिहून घेतलं नव्हतं. मले इचारलं बी नव्हतं कोनी, का कांता, तुले कसं वाटलं. आता मी म्हनली असती का बाबूजी, मले असं वाटते, तर तुमी लिहिलं असतं का?"

मधुकररावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं लिहिलं," ते म्हणाले.

"म्हनून बायाचं नाव."

मग मधुकररावांनी वहीचं पान उलटलं आणि घसा साफ केला.

"आजचा कसा वाटला, कांताबाई? तुम्हाला."

कांताबाईंनी पदर सारखा केला, पायरीवरून उठून उभ्या राहिल्या.

"चांगला हाय. पंधरा साल बायकोले टाकून गेला, अन् आता पाय दुखाले लागले तं आला. तिनं दार नाही उघडलं, थे बरं केलं. उघडलं असतं तं सारा पिक्चर खोटा झाला असता. मानसाले नाही आवडाचा, पन बाया..." त्या बोलता बोलता अडखळल्या आणि हसल्या. "मले वाटते, चालन."

मधुकररावांनी एक एक शब्द लिहून घेतला.

कचेरी तिथून दहा मिनिटांवर होती. मधुकरराव त्या दिवशी सायकल हातात धरून पायी गेले, आणि तरी त्यांना रस्ता कमी पडला. पहिल्यांदा त्यांना भीतीच वाटली. एकोणीस वर्षं आपण खोटा कागद दिला! 'लेडीज' असं लिहून एकाच बाईचं म्हणणं! आनंदरावांना कळलं तर ते काय म्हणतील, आणि वसंतला कळलं तर काय करील, हे काही अवघड गणित नव्हतं. छप्पन वर्षांच्या माणसाला आता कोण दारात उभं करणार? न सांगितलं तर कोणाला कळणार नव्हतं. कांताबाई कधी बोलणार नव्हत्या. आज नेहमीसारखं 'लेडीज: शेवट आवडला' लिहायचं, पुढचं पुढे.

पण पुढे काय? पुढच्या शुक्रवारी त्या रकान्यात काय लिहायचं? आणि मग त्यांच्या मनात दुसरंच काही येऊ लागलं. गोंदियापासून खामगावपर्यंत, जिथे जिथे पडदा होता तिथे तिथे, कोणता सिनेमा किती दिवस राहावा हे इंदोऱ्याच्या एका बाईनं ठरवलं होतं. ते तिलाही ठाऊक नव्हतं. इतक्या गावांतल्या इतक्या लोकांनी जे पाहिलं, त्यातलं बरंचसं तिनं पास केलेलं होतं. हे एका तरी माणसाला माहीत असायला हवं, असं त्यांना वाटलं. आणि आपल्याला काही वाटलं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते कचेरीच्या पायऱ्या चढत होते.

कागद लिहून त्यांनी टेबलावर ठेवला. आनंदरावांनी चष्मा चढवला. पहिले दोन रकाने वाचून ते "हूं" म्हणाले. वसंत शेजारी उभा होता. त्याच्या मते पेटी सोमवारीच परत करायला हवी होती. मग आनंदरावांची नजर तिसऱ्या रकान्यावर आली. तिथे 'लेडीज' हा शब्द नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'कांताबाई गजभिये, लेडीज दारावर'.

"ह्या कोण?"

मधुकररावांनी सांगितलं. सांगताना ते दोनदा अडखळले, एकदा टेबलावरची टाचणीची डबी त्यांच्या हातून उलटली, पण सगळं सांगितलं. अगदी पहिल्या शुक्रवारपासूनचं. रडणाऱ्या आईचं, सावत्र आईचं. आपल्याला नाडीबिडी काही कळत नाही, हेही सांगितलं. वसंत एक भुवई वर करून मामाकडे पाहत राहिला.

आनंदरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"म्हणजे एकोणीस वर्षं मी मुंबईवाल्यांना छाती ठोकून सांगून राहिलो, लेडीज पब्लिक असं म्हणते अन् लेडीज पब्लिक तसं म्हणते," ते म्हणाले, "अन् ती पब्लिक म्हणजे एक बाई?"

"हो."

"तिचं म्हणणं तुम्ही कधी बदललं? स्वतःचं काही घातलं?"

"नाही. शब्दही नाही."

"मग टाचण्या वेचा अन् बसा. चहा मागवतो."

सहाला पाच कमी असताना फोन लागला. आनंदरावांनी मोठ्या आवाजात पहिले दोन रकाने वाचून दाखवले. पलीकडचा माणूस निराश झाला असावा, कारण त्यांना मध्येच थांबावं लागलं. मग त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"सुनिए तो," ते म्हणाले. "हमारी कांताबाई कहती है, चलेगा. हां, कांताबाई. दूसरा हफ्ता रखते है."

फोन ठेवून त्यांनी वसंतला सांगितलं की टॉकीजवाल्यांशी बोलून ठेव, दर शुक्रवारी पहिल्या खेळाला त्या बाईसाठी एक खुर्ची. बाल्कनीत. आणि तिच्या हातात त्या दिवसाची मजुरी पडली पाहिजे, कचेरीतून. वसंतनं मान हलवली. लिहून कोण घेणार, हे कोणी विचारलं नाही.

पुढच्या शुक्रवारी, फळी निघालेल्या आणि रंगाचा वास मारणाऱ्या त्या टॉकीजमध्ये, तोच सिनेमा दुसऱ्या आठवड्यात होता. खाली बायकांचे घोळके बसले होते. कांताबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. बाल्कनीच्या जिन्यावर त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं, कोणी अडवतं का म्हणून. मधुकररावांनी त्यांना मधल्या रांगेत खुर्ची दाखवली आणि स्वतः मागच्या भिंतीशी उभे राहिले.

"बाबूजी," त्या वळून हळूच म्हणाल्या, "ह्याची सुरुवात मी पाहिलीच नाही. कोनत्याच पिक्चरची नाही. उशिरा येनाऱ्या बायाले जागा दाखवाची राहे. अन् शेवट झाला का लगेच दार उघडाले पयाव लागे."

दिवे गेले.

तीन तासांनी दिवे पुन्हा आले. माणसं उठली, खुर्च्या खाडखाड मिटल्या, जिन्यावर गर्दी झाली. कोणीतरी म्हणत होतं की शेवट काही पटला नाही गा. झाडूवाला आत आला आणि रांगेच्या टोकापासून झाडत झाडत मध्यापर्यंत आला. मधुकररावांनी त्याला हातानं थांबवलं. पेन्सिल त्यांनी खिशातून काढली नव्हती.

पडदा कधीच पांढरा झाला होता. कांताबाई हात मांडीवर ठेवून अजून पाहत होत्या.