वासाची पारख

"लावा नाक, मावशी," कोठीवाल्याने तेलाच्या डब्याचं झाकण उघडून डबा तिच्यापुढे धरला. "तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी थेंबसुद्धा ओतायचो नाही."

मावशी वाकली. डोळे मिटून लांब श्वास घेतला, मान डोलावली.

"चालेल. ओत."

माशांच्या तळ्यांलगतच्या त्या शेडमध्ये हा रोजचा रिवाज होता. लसणाची आणि शेवग्याच्या पानांची पूड तेलात कालवायची, ती खाद्याच्या गोळ्यांना हाताने चोळायची आणि गोळ्या सावलीत पसरायच्या. औषधांचा मारा न करता मासे धडधाकट राहावेत म्हणून हा खटाटोप. पूड शिळी झाली, तेल खवट झालं, की मावशीचं नाक आधी सांगायचं. तळ्यांवरची माशांची डॉक्टरीणबाईसुद्धा विचारायची, "मावशी हो म्हणाल्या ना? मग झालं."

पण मध्यंतरीच्या मोठ्या तापानंतर मावशीला कसलाच वास येईनासा झाला होता. येईल हळूहळू, म्हणून तिने कोणाला सांगितलं नाही. मग सांगायचं राहूनच गेलं. रंग बघून, पूड चिमटीत चोळून ती वेळ मारून नेत होती.

घरी मात्र परवा नातीचं दूध करपून भांडं काळं पडलं, आणि मावशी पाठमोरी बसून निवांत भाजी निवडत होती. सून धावत आली.

"आई, वास नाही आला तुम्हाला?"

"लक्ष नव्हतं गं."

"लक्ष नव्हतं की वासच येत नाही?" भांडं नळाखाली धरत सुनेने विचारलं. मावशी पुन्हा भाजीकडे वळली. "कामावर सांगितलंत?"

"सांगून घरी बसू? नाक सोडलं तर माझ्याजवळ आहे काय दुसरं?"

सुनेने नळ बंद केला.

मावशीने हो म्हटलेल्या त्या डब्यातल्या तेलाचं खाद्य दुसऱ्या दिवशी तळ्यात पडलं. मासे वर आले, गोळ्या तोंडात घेतल्या, थुंकल्या आणि खाली गेले. दुपारपर्यंत सगळं खाद्य काठाशी तरंगत राहिलं. डॉक्टरीणबाईने त्यातलं ओंजळभर शेडमध्ये आणून हुंगलं.

"शी! तेल खवट आहे. डबा उन्हात राहिला होता का हो?"

"राहिला असेल, बाई," कोठीवाला म्हणाला. त्याने मावशीकडे पाहिलं आणि घाईघाईने पुढे बोलला, "माझंच चुकलं. मावशींना न विचारता ओतलं मी."

मावशीने हातातली चाळणी खाली ठेवली. तोंड बंद ठेवलं असतं तर निभावलं असतं. आजचा दिवस तरी.

"उगाच खोटं बोलू नकोस," ती म्हणाली. "तू विचारलंस. मी हो म्हटलं."

"सर्दी असेल हो तुम्हाला..." कोठीवाला म्हणाला.

"सर्दीबिर्दी काही नाही. बाई, तापापासून मला वासच येत नाही. लसणाचा नाही, तेलाचा नाही. कसलाच नाही."

डॉक्टरीणबाईला कुठे बघावं ते कळेना. शेवटी कोठीवालाच पुटपुटला, "तरीच! माझ्या मोज्यांवरून हल्ली शिव्या बसत नव्हत्या."

मावशीला आधी हसू फुटलं. मग सगळेच हसले. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले, आणि तिकडे कोणी पाहिलं नाही.

"मावशी, आता कालवायचं काम..." डॉक्टरीणबाई अडखळली.

"दुसरीला द्या. किती चोळायचं, कुठे थांबायचं, ते मी दाखवीन तिला. हुंगायचं तिचं तिने." मावशीने हात झटकले. "मला तळ्यावर पाठवा. खाद्य टाकायला नाक लागत नाही."

नव्या तेलाचं खाद्य सुकलं तसं ती टोपली घेऊन काठावर गेली. सारा जन्म शेडमध्ये कालवण्यात गेला होता. मासे ते खातात कसे, हे तिने कधी निवांत उभं राहून पाहिलं नव्हतं. तिने एक मूठ फेकली. गोळ्या पाण्यावर पसरल्या. काहीच हललं नाही.

मग दूर, पार पलीकडच्या काठापाशी, पाण्याला एक बारीकशी सुरकुती पडली. ती वळली आणि सरळ इकडे निघाली. तिच्यामागे दुसरी. मग कितीतरी.

"आला वाटतं वास," मावशी स्वतःशीच म्हणाली, आणि दुसरी मूठ जरा लांब फेकली.