कंगवा छाप ट्रॉली

मित्रांनो, मी एक जुनी ट्रॉली आहे. मला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, साधा हॉर्नसुद्धा नाही. ट्रॅक्टर ओढील तिकडे जाणे एवढेच माझे काम. तरीही एका राजकीय पक्षाचे पहिले व्यासपीठ मीच होते. तो पक्ष लहान आहे. त्याला हसणारे पुष्कळ आहेत. हसोत बापडे! मी त्याची हकिकत मान ताठ ठेवूनच सांगणार आहे.

माझा जन्म परभणीला, जिंतूर रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. झरीच्या रामकिशनने मला घरी आणले. मी त्याच्या शेतातली हळद, कापूस, सोयाबीन वाहिले. दिवाळी सरली की मला पश्चिमेकडच्या साखर कारखान्याच्या फडात, ऊसतोडीच्या शेतांवर, जावे लागे. जाताना माझ्यात गोधड्या, पातेली, कोंबड्या, शेळ्या आणि आमच्या शेजारच्या वस्तीवरची माणसे असत. ऊस तोडायला निघालेली ही माणसे. त्यांची लेकरे शाळा अर्धी टाकून माझ्या बाजूच्या लाकडी फाळक्याला धरून उभी राहत. त्यांतच कडूबाई असे. दोन एकर कोरडवाहू जमीन, हातात कोयता आणि जिभेला धार, अशी ती बाई होती.

एका श्रावणात पावसाने ओढ दिली. विहिरींना पाणी होते, पण शिवारातला विजेचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाला आणि मोटारी बंद पडल्या. लोकांनी कचेरीत खेटे घातले. "बघू," "पुढच्या आठवड्यात या," अशी उत्तरे मिळाली. पिके माना टाकू लागली. तेव्हा कडूबाई रामकिशनला म्हणाली, "भाऊ, आपण लय येळा गेलोत. आता ह्यो डीपीच साहेबाला दाखवायला न्यायचा."

सगळ्यांनी मिळून तो काळाठिक्कर डीपी माझ्यात चढवला. तेलाचे ओघळ माझ्या पत्र्यावर उतरले. आम्ही परभणीला कचेरीच्या फाटकात जाऊन उभे राहिलो. साहेब बाहेर आले आणि ओरडले, "ट्रॉली हटवा! गाड्यांना वाट कुठं आहे?"

"आमच्या पाण्याला तरी कुठं हाय?" कडूबाई माझ्यावरूनच म्हणाली. "नवा डीपी घातल्याबिगर ही ट्रॉली हलायची न्हाई."

आणि खरोखरच मी हलले नाही. येणारे-जाणारे शेतकरी थांबू लागले. कोणी भाकरी आणल्या, कोणी पाण्याचे जार आणले. अखेर संध्याकाळच्या आत नवा डीपी माझ्यात ठेवला गेला, तेव्हाच मी चाक उचलले.

झरीला परतल्यावर दिनकरराव माझ्यावर चढले. हे गावातले नावाजलेले वक्ते होते. त्यांनी एका मोठ्या पक्षाच्या सभांतून आयुष्यभर भाषणे केली होती, पण तिकीट कधीच मिळाले नव्हते. ते म्हणाले, "एका डीपीसाठी एवढी माणसं जमतात, तर आपला पक्षच का नको?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशा रीतीने माझ्या फाळक्यावर 'शिवार पक्ष' जन्माला आला. ना त्याला बंगला होता, ना गालिचा. माणसांना बसायला माझाच पत्रा होता.

निवडणुकीला चिन्ह हवे होते. आमच्या लोकांनी पेरणीची तिफण मागितली. मिळाला कंगवा! माझ्या दोन्ही बाजूंवर पिवळ्या रंगात मोठा कंगवा काढला गेला. बाजारात लोक पोट धरून हसले. समोरच्या पक्षाचा एक कार्यकर्ता ओरडला, "काय कडूबाई, आता शेतकऱ्याचे केस विंचरणार का?"

कडूबाईने मागे वळूनही पाहिले नाही. "केस न्हाई, उवा काढणार हाव! डोस्क्यात बसून रगत प्यायलेल्या उवा."

त्या दिवसापासून हसणारे जरा जपून हसू लागले.

पंचायत समितीच्या त्या निवडणुकीला दिनकरराव उभे राहिले. रामकिशनने त्या वर्षी मला फडात पाठवले नाही. मी गावोगाव फिरले. पण निवडणूक ऐन हंगामात आली होती. आमची हक्काची वस्ती ऊस तोडायला गेली होती. घरोघर कुलपे होती. आम्ही आपटलो, अनामतही गेली.

हरण्याचे मला दुःख नव्हते. दुःख झाले ते पुढे. थोड्याच महिन्यांत दिनकरराव गळ्यात हार घालून पुन्हा त्या मोठ्या पक्षात गेले. दुसऱ्या दिवशी एक पेंटर रंगाचा डबा घेऊन आमच्या दारात आला. दिनकररावांनी त्याला माझ्यावरचा कंगवा पुसून मोठ्या पक्षाचे चिन्ह काढायला पाठवले होते. रामकिशन ओसरीवर मान खाली घालून बसला. त्याचे मन डळमळले होते. पेंटरने ब्रश बुडवला. तेवढ्यात रामकिशनची बायको सविता बाहेर आली.

"डबा झाका," ती म्हणाली.

"अगं, दिनकररावांनी सांगितलंय," रामकिशन पुटपुटला. "पक्षच गेला, आता चित्राचं काय घेऊन बसलीस?"

"दिनकरराव गेलेत. आपण कुठं गेलोत?"

रामकिशनने पेंटरला जायची खूण केली. पेंटर आला तसा परत गेला. मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्या दिवशी मोठ्याने हाक दिली असती!

पुढची निवडणूक वर्षानुवर्षे लांबत गेली. मी हंगामात ऊस वाही आणि एरवी लिंबाखाली पडून राही. माझ्या तळाचा पत्रा गंजला. पोरांनी कंगव्यावर दगड मारून नेम धरला. "टकल्यांचा पक्ष," असे म्हणून लोक माझ्यावर पान थुंकले. पण कडूबाई बाजारच्या दिवशी माझ्यावर चढून बोलत राहिली. कधी दहा माणसे ऐकत, कधी चार. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागे. "आमी ऊस तोडायला जातो. लेकरं संगं न्यावी लागतात. शाळेतच त्यांच्या राहण्याची, जेवणाची सोय करा. आमच्या हातात कोयता हाय, त्यो लेकराच्या हातात देऊ नका."

शेवटी निवडणूक लागली, आणि तीही हंगामातच! जागा बाईसाठी राखीव झाली. कडूबाई उभी राहिली. समोर दिनकररावांची सून राजेश्री होती. मी मात्र त्या वेळी फडात अडकले होते, कारण रामकिशनने आधीच कारखान्याला शब्द दिला होता. कडूबाईची वस्तीही तिथेच पाचटाच्या झोपड्या, कोप्या, घालून राहिली होती. विरोधक खुशीत होते. मतदार फडात आणि पेटी गावात, मग भीती कसली?

मतदानाच्या आधी कडूबाई एसटीने फडात आली आणि माझ्यात अर्धवट भरलेल्या उसावर चढली. माणसे कोयते घेऊन जमली.

"मला तुमाला गाडीनं न्यायला येत न्हाई," ती म्हणाली. "उमेदवारानं मतदार वाहून नेऊ नये, असा कायदा हाय. यायचं तर आपल्या पायानं या."

मजुरांना फडावर आणणारा मुकादम भगवानराव पुढे आला. "फड बंद ठेवला तर पुढच्या साली कुणालाच कामाला घेणार न्हाई. सांगून ठेवायलोय."

काहीजण पुन्हा उसाकडे वळले. मला वाटले, संपले. मग परमेश्वर नावाचा तरणाताठा गडी पुढे झाला. त्याची मुलगी पिंकी तिसरीतून शाळा सोडून फडात आली होती आणि उसाच्या वाढ्यांचे, हिरव्या शेंड्यांचे, भारे बांधत होती. परमेश्वरने आपला कोयता माझ्या फाळक्यात खाच करून रोवला.

"घेऊ नका कामाला," तो म्हणाला. "दरसाल आमी तुमचं ऐकलं. एक दिस आमचा."

एकामागून एक कोयते माझ्यावर येऊन पडले. ती खणखण माझ्या पत्र्यातून चाकापर्यंत गेली. माणसे डांबरी सडकेवर गेली, हात दाखवून एसटी थांबवली आणि निघून गेली. म्हातारी माणसे लेकरांजवळ थांबली. मतदानाच्या दिवशी फडात ऊस तसाच उभा होता आणि मी एकटी कोयते सांभाळत होते. मी तिथे नसताना माझा पक्ष लढत होता.

दोन दिवसांनी फोन आला. कडूबाई जिंकली होती! थोडक्यात, पण जिंकली. माणसे परतली तेव्हा त्यांच्या केसांत गुलाल होता. भगवानरावाने तोंड वाकडे केले, पण एवढे सगळे हात हाकलून तो ऊस तोडणार कोणाकडून? त्याने निमूटपणे फड चालू केला.

कडूबाईही फडात आली आणि लोकांचा पडलेला खाडा भरून काढायला त्यांच्याबरोबर ऊस तोडू लागली. तिथेच एक पांढरी गाडी धुरळा उडवत आली. गाडीतून दिनकरराव उतरले. पंचायत समितीत कोणालाच बहुमत नव्हते. आपल्या पक्षाचा सभापती करायला त्यांना एक मत कमी पडत होते, आणि ते मत कडूबाईचे होते.

"कडूताई, गाडीत बसा," ते गोड आवाजात म्हणाले. "परभणीला निवांत बोलू."

"निवांत कशाला? हितंच बोला," कडूबाई घाम पुसत म्हणाली. "आन् खाली न्हाई, ट्रॉलीवर चढून बोला. समद्यांना ऐकू गेलं पाहिजे."

दिनकरराव घुटमळले. मग कडक इस्त्रीचा पायजमा सावरत ते माझ्यावर चढले. कोणी हसले नाही. सगळे बघत होते.

"लेकरांची सोय शाळेत करणार का?" कडूबाईने विचारले.

"करू."

"आमच्याकडं बगू नका. त्या पोरीकडं बगून सांगा."

पिंकी भारा खाली ठेवून उभी होती. दिनकररावांनी तिच्याकडे पाहिले. त्यांचा आवाज उतरला. "पुढच्या हंगामाच्या आत करतो," ते म्हणाले.

"मत देते," कडूबाई म्हणाली. "पक्ष देत न्हाई. बोललेलं झालं न्हाई तर मत बी काढून घेईन."

मित्रांनो, सगळे साधले असे मी म्हणणार नाही. झरीच्या शाळेत दोन खोल्या मिळाल्या. एक स्वयंपाकीण नेमली. त्यासाठीसुद्धा कडूबाईला कचेरीपुढे दोनदा बसावे लागले. या साली वस्ती फडाला निघाली तेव्हा काही लेकरे माझ्यात होतीच, पण पिंकी नव्हती. दप्तर पाठीला लावून ती रस्त्याच्या कडेला उभी होती. परमेश्वर तिच्याकडे पाहत राहिला, वळण येईपर्यंत.

आता रामकिशनला लोक म्हणतात, "हा खटारा भंगारात घाल." काहीजण म्हणतात, हिला रंग देऊन चौकात ठेवा, हार घाला. मला दोन्ही नको! हाराने माझा गंज जायचा नाही. माझ्या तळाचा पत्रा बदला, चाकांना ग्रीस द्या, फाळक्याच्या कड्या घट्ट करा. तुमच्या गावात कोणी साधे माणूस चार लोकांपुढे उभे राहून आपले म्हणणे मांडत असेल, तर त्याच्या पायाखालची फळीही तशीच जपा. अजून पुष्कळांना वर चढून बोलायचे आहे, आणि मी अजून मोडलेली नाही.