मी या लेखकास ओळखत नाही

ऐकण्याचा कोर्स माझ्या नवऱ्याने आवाज बंद करून पूर्ण केला. हे मी चेष्टेने सांगत नाही. विद्यापीठाचे व्हिडिओ पुढे सरकवता येत नसत. खालची हिरवी पट्टी शेवटपर्यंत सरकल्याशिवाय पुढचा धडा उघडतच नसे. तेव्हा तो लॅपटॉप टेबलावर उघडून ठेवायचा, आवाज शून्यावर न्यायचा, वेग दुप्पट करायचा आणि दाढी करायला निघून जायचा. पडद्यावर कुंडीतल्या झाडाशेजारी बसलेल्या मॅडम सक्रिय श्रवण म्हणजे काय ते भराभर हातवारे करून सांगत राहायच्या. धडा संपला की प्रश्न यायचे. चुकलं तर पुन्हा उत्तर द्यायची मुभा होती, त्यामुळे पर्याय बदलून बदलून तो सगळे बरोबर आणायचा. महिन्याभरात त्याच्या नावापुढे 'उत्तम श्रोता' असा बिल्ला झळकला. तो त्याने लगेच ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.

मला बिल्ला मिळाला नव्हता, कारण मी चर्चेच्या पानावर पुरेसं लिहिलं नव्हतं. तिथे काय लिहिलं याला नव्हे, किती वेळा लिहिलं याला गुण होते. त्यामुळे कुणी काहीही लिहिलं की खाली 'छान मुद्दा', 'अगदी सहमत' अशी रांग लागायची. एका बाईने लिहिलं होतं, आई गेल्यामुळे गृहपाठ उशिरा देते आहे, क्षमस्व. तिच्याखालीही दोघांनी 'उत्तम मांडणी' म्हणून आपली हजेरी लावून घेतली होती. ते वाचल्यावर तिथे लिहायची माझी इच्छाच मेली.

पण कोर्स मला हवा होता. मी हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत बसते. लिफ्ट कुठे, रक्त कुठे तपासतात, डिस्चार्जचा कागद कुठे मिळतो, दिवसभर हेच. लोक मात्र लिफ्ट विचारता विचारता मधेच थांबतात आणि भलतंच सांगायला लागतात, आणि मागचा माणूस 'ओ, आटपा की' म्हणून ओरडतो. आमच्याकडे पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायला एक वेगळी खोली आहे. दोन खुर्च्या, एक खिडकी, दार लावता येतं. तिथल्या बाई निवृत्त होणार होत्या. मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या, "तू ये तिथे. मी तुझं नाव दिलंय. पण वरच्यांना सर्टिफिकेट लागतं गं, बाई जायच्या आत तेवढं घेऊन ये." त्या खोलीसाठी मी जीव टाकत होते. इतक्या उघडपणे मी आयुष्यात फारसं काही मागितलेलं नाही.

नवऱ्याच्या ऑफिसात बढतीसाठी संवादाचा कुठलातरी कोर्स सक्तीचा होता. मी करतेय म्हटल्यावर तो म्हणाला, "मग मीही हाच घेतो, अडलं तर तू आहेसच." एका दुपारी एकाच लॅपटॉपवरून आम्ही नोंदणी केली. आधी त्याची, लगेच माझी. क्रमांक पाठोपाठचे आले आणि सगळा घोळ तिथेच झाला.

शेवटचा गृहपाठ मॅडम तपासणार नव्हत्या. मॅडम बहुधा कधीच्याच रेकॉर्डिंग करून घरी गेल्या होत्या. विद्यार्थ्यांनीच एकमेकांचे निबंध तपासायचे, नावं झाकून. आपल्या आधीच्या आणि आपल्या नंतरच्या क्रमांकाचा निबंध आपल्याकडे येतो, हे मदतीच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. दोघांनी दिलेल्या गुणांची सरासरी म्हणजे निकाल. वीसपैकी बारा मिळाले की पास. निबंधात गाव, नोकरी, नाव काही यायला नको. विषय: 'ऐकलं जाण्याचा किंवा न ऐकलं जाण्याचा, तुमच्या आयुष्यातला एक प्रसंग.'

मी बाबांचं लिहिलं.

बाबा आजारी होते तेव्हा मी त्यांना भेटायला गेले होते. पलंगाशेजारी बसले, तर त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. म्हणाले, "बसा हं बाई. माझी मुलगी येणारच आहे एवढ्यात. ती आली की मला बरं वाटेल." मी म्हटलं, बाबा, मीच. ते मान हलवून हसले, परक्या माणसाला दुखवू नये म्हणून हसतात तसे, आणि पुन्हा दाराकडे बघायला लागले. संध्याकाळपर्यंत ते माझी वाट बघत होते आणि मी त्यांच्या शेजारी बसून होते. घरी आले तेव्हा नवरा नवा टीव्ही लावत होता. मी दारातूनच सांगायला सुरुवात केली. तो म्हणाला, "आधी हे बघ ना, आवाज कमीच होत नाहीये." मी रिमोट बघितला. आवाज कमी झाला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, अगदी बाबांच्या शब्दांत. तो पडद्याकडे बघत "हं" म्हणाला, मग म्हणाला, "होतील गं बरे." चार दिवसांनी बाबा गेले. त्यानंतर हे मी कुणालाच सांगितलं नाही. निबंधात सांगितलं, तेही नाव झाकायची सोय होती म्हणून.

रविवारी दुपारी तपासायचे निबंध उघडले. तो आतल्या खोलीत, मी स्वयंपाकघरात माझ्या जुन्या टॅबवर. पहिला निबंध कुणा शिक्षकाचा वाटला, साधा आणि बरा. दुसऱ्याचं पहिलंच वाक्य होतं: 'वास्तविक पाहता, ऐकून घेणे हाच संसाराचा खरा पाया होय!!!'

'वास्तविक पाहता' शिवाय माझ्या नवऱ्याचं तोंड उघडत नाही, आणि एका उद्गारचिन्हावर त्याचं कधीच भागलेलं नाही. पुढे होतं, सासरे आजारी असताना पत्नी त्यांना भेटून परत आली. ती खचली होती. मी तत्काळ टीव्ही बंद केला. तिचा हात हातात घेतला. ती तासभर बोलत होती, मी एकदाही मधे बोललो नाही. शेवटी ती म्हणाली, 'अहो, तुम्ही ऐकून घेतलंत, मन हलकं झालं!!!' लग्नाच्या आधीपासून मी त्याला अरेतुरे करते. निबंधात मात्र मी त्याला अहोजाहो करत होते.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ती तासभर काय बोलली, ते निबंधात कुठेच नव्हतं. एक वाक्यही नव्हतं.

तपासायला सुरुवात करण्याआधी एका चौकोनात खूण करायची होती: 'मी या लेखकास ओळखत नाही.' ओळखत असाल तर निबंध परत करा, तो दुसऱ्या कुणाकडे जाईल. माझं बोट तिथेच थांबलं, कारण एव्हाना माझ्या ध्यानात आलं होतं की त्याचा निबंध माझ्याकडे आहे म्हणजे माझा त्याच्याकडे आहे. भिंतीपलीकडे, या क्षणी, तो बाबांबद्दल वाचत असणार. आता तरी कळेल त्याला. आता खुर्ची सरकेल, तो दारात येईल. काय म्हणेल याची मला पर्वा नव्हती, काही नाही म्हणाला तरी चाललं असतं. मी टॅब पालथा ठेवला आणि हात पुसून उगीचच उभी राहिले.

खुर्ची सरकली. तो आला आणि फ्रिज उघडला.

"झाले तपासून?" मी विचारलं.

"झाले. एक ठीक होता, दुसरा अगदी रडका. कुणीतरी बाई आहे. नवऱ्याने ऐकलं नाही म्हणून पानभर सूर लावलाय."

"काय ऐकलं नाही?"

"वडिलांचं काहीतरी. ओळखत नव्हते म्हणे तिला." त्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली. "आणि नवरा बिचारा रिमोट घेऊन बसला होता. आता माणसाने स्वतःच्या घरात रिमोटपण धरायचा नाही का?"

"त्याने ऐकायला हवं होतं."

"अगं, दमला असेल तो! त्याची बाजू कुठाय निबंधात? वास्तविक पाहता हे एकतर्फी झालं. मी लिहिलंय तसं."

"किती दिलेस?"

"सहा. त्यातले दोन शुद्धलेखनाचे."

तरी मी म्हटलं, म्हणजे मी त्याला अजून एक संधी दिली म्हणा, "तुला त्या बाईचं काहीच ओळखीचं नाही वाटलं?"

"मला?" तो हसला. "मी कुठे ओळखतो तिला? आधी तशी खूण करावी लागते ना. तू अजून सुरूच केलं नाहीस वाटतं." आणि बाटली ओट्यावर ठेवून तो आत गेला. बाटलीचं झाकण त्याने नेहमीसारखंच लावलं नव्हतं.

मी टॅब उचलला. हात हातात घेऊन तासभर ऐकणारा तो माणूस पुन्हा एकदा वाचला आणि चौकोनात खूण केली. मी या लेखकास ओळखत नाही. ते अगदी खरं होतं.

मग चारी रकान्यांत शून्य टाकलं. यंत्राने लाल अक्षरांत विचारलं, कमी गुणांचं कारण लिहा, निदान पन्नास शब्द. पूर्ण गुण द्यायचे तर काहीच लिहावं लागत नव्हतं. भाषा शुद्ध आहे का? आहे. प्रसंग नेमका आहे का? आहे. श्रोत्याने मधे न बोलता ऐकलं का? ऐकलं म्हणतो. बोलणाऱ्याला मोकळं वाटलं का? वाटलं म्हणे, उद्गारचिन्हांसकट. घडलं होतं का, असा रकानाच नव्हता. मी वीसपैकी वीस दिले आणि शेवटच्या अभिप्रायात लिहिलं: 'हा प्रसंग पत्नीलाही जरूर वाचायला द्यावा.'

निकाल आला त्या दिवशी मी कामावरून नुकतीच आले होते. शिक्षकाने की कुणी मला सतरा दिले होते. दुसरे सहा. सरासरी साडेअकरा. 'श्रवण' हा भाग पुन्हा करावा, पुढची तुकडी सहा महिन्यांनी. तोवर त्या खोलीत दुसरं कुणीतरी बसलेलं असेल. सहा गुणांखाली परीक्षकाचा लांबलचक अभिप्राय होता; एकतर्फी वगैरे म्हणून झाल्यावर शेवटी: 'वास्तविक पाहता भाषा बरी आहे, परंतु प्रसंग रचलेला वाटतो. आपलेच माणूस समोर बसलेले असताना ओळखू येत नाही, हे मुळातच पटत नाही!!!'

मी ते वाचत असतानाच तो हेडफोन गळ्यात अडकवून बाहेर आला.

"वीसपैकी वीस! म्हटलं नव्हतं? आणि कुणीतरी काय लिहिलंय बघ, पत्नीलाही वाचायला द्या म्हणे. वाचतेस?"

"वाचलाय," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला. "निवांत वाच, घाई नाही. तुझं काय झालं? राहिलं असेल काही तर मला विचार." आणि उत्तर यायच्या आत त्याने हेडफोन कानांवर चढवले.

निकालाखाली 'तक्रार' असं बटण होतं. ते दाबलं. कारणांत एकच पर्याय होता, गुण बदलून मिळतील असा: 'परीक्षक मला ओळखतो.'

तो समोरच्याच खुर्चीत पाय पसरून बसला होता. मी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मला खोटं लिहिणं जमलं नाही. मी पान बंद केलं.